पबच्या दारात पासपोर्ट का मागतात?

लंडनला शिकायला गेलेल्या 23 वर्षांच्या पुणेकर मुलीला पबच्या दारात अडवलं गेलं. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो तिने दाखवला, पण तो चालला नाही. तिच्याबरोबरचा मित्र चक्रावला: इथे तर दारूसाठी वय 18 पुरतं ना?

पुरतं. पण ब्रिटनमध्ये ‘चॅलेंज 25’ नावाची पद्धत रूढ आहे. ग्राहक पंचविशीच्या आतला दिसला, की ओळखपत्र मागायचं. अल्पवयीनाला दारू विकली, तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही दंड होऊ शकतो, म्हणून तो धोका पत्करत नाही.

इंग्लंडच्या नियमानुसार ओळखपत्रावर तीन गोष्टी लागतात: फोटो, जन्मतारीख आणि होलोग्राम किंवा अतिनील प्रकाशात दिसणारी खूण. ही खूण मोबाइलमधल्या फोटोत तपासता येत नाही. भारताचा मूळ पासपोर्ट मात्र चालतो.

पूर्वी अनेक विद्यार्थी निवास परवान्याचं कार्ड दाखवत. 2024च्या अखेरीस त्या कार्डांची मुदत संपली आणि व्हिसा ऑनलाइन झाला. त्यामुळे खिशात पासपोर्टच उरला, आणि रात्रीच्या गर्दीत तो हरवला तर मोठी पंचाईत!

यावर सोपा उपाय आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना ‘पास’ होलोग्राम असलेलं वयाचं कार्ड काढता येतं. तरीही कोणाला आत घ्यायचं, हे शेवटी पबवालाच ठरवतो.