फ्रीमेसनांची शिकवण व तिची कसोटी

ज्या मंडळीची सभा बंद दारामागे भरते, तिच्याविषयी बाहेर नाना तर्क चालावयाचेच. लाहोरातील फ्रीमेसनांच्या इमारतीस तेथील लोक 'जादूघर' म्हणत. वस्तुतः या मंडळीत गुप्त राखतात त्या मुख्यतः परस्परांस ओळखण्याच्या खुणा. तिची नीतितत्त्वे १७२३ साली लंडनात निघालेल्या जेम्स अँडरसन यांच्या नियमग्रंथापासून उघड छापलेली आहेत. तेव्हा त्यांचे परीक्षण करण्यास कोणाची परवानगी नको.

१७१७ साली लंडनातील चार लॉजांनी मिळून पहिले ग्रँड लॉज स्थापिले, अशी या मंडळीची परंपरा आहे. धंदा मूळचा गवंड्यांचा. परंतु यांनी दगडाऐवजी मनुष्याचा स्वभाव घडविण्याचे काम पत्करले आणि गवंड्यांची हत्यारे नीतीची चिन्हे केली. गुण्या सांगतो, वर्तन चोख ठेव. कंपास सांगतो, वासनांस मर्यादा घाल. ओळंबा सांगतो, सरळ उभा राहा. आणि पाणसळ सांगते, सर्व मनुष्ये एका पातळीवर आहेत. चोवीस इंची मोजपट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास: काही ईश्वरचिंतनास, काही उद्योग व विश्रांतीस, काही अडल्यानडल्या बांधवाच्या साह्यास. नवागतास अनघड दगड दाखवून, तो घडविणे हेच तुझे जन्माचे काम, असे बजावतात. परमेश्वरावर श्रद्धा हवी. पण त्यास कोणत्या नावाने हाक मारता, हा प्रश्न नाही. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर घ्यावी. म्हणून आपल्या देशातील लॉजांत बायबलाशेजारी गीता, कुराण, अवेस्ता व ग्रंथसाहेब यांसही स्थान मिळाले.

शिकवण उत्तम, यात संशय नाही. पण वकिलीच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो: कैफियत कितीही सुंदर असो, निकाल पुराव्यावर होतो. येथे पुरावा दाराशी मिळतो. मुंबईचे माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस येथील गोऱ्यांच्या लॉजात प्रवेश मिळाला नाही. त्यांस पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला. हिंदू अनेक देव मानतात, सबब ते अपात्र, असा आक्षेप निघाला आणि प्रवेश मिळाला तो १८७२ साली. पाणसळ हातात होती, उंबरठा मात्र उंच होता. तथापि न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८४३ साली एतद्देशीयांसाठी मुंबईत 'रायझिंग स्टार' लॉज काढणारे डॉ. जेम्स बर्न्स हे त्याच मंडळीतले गोरे सभासद होते. १९६१ साली भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज झाले, त्याची वाट अशांनी मोकळी केली.

हे वाचून कोणी 'साहेबांचा दांभिकपणा' म्हणून हसेल, तर आम्ही त्यास क्षणभर थांबवू. पंढरीच्या वाळवंटात आमच्या संतांनी समतेचा झेंडा शतकानुशतके नाचविला. पण ज्या चोखोबाचे अभंग आम्ही डोलत म्हटले, त्याच्या जातभाईंस विठ्ठलाचे दार बंदच राहिले. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. आमच्या घरचा उंबरठा काही कमी उंच नव्हता.

यावरून निघणारा बोध सरळ आहे. तत्त्वाची परीक्षा सभागृहातल्या उच्चाराने होत नाही. आत कोणास घेता व बाहेर कोणाशी कसे वागता, यावरून होते. ग्रँड लॉज आजही स्त्रियांस सभासद करीत नाही. तेथे पाणसळ अजून कामास लागावयाची आहे. आणि आमच्या व्यापारी वाचकांस एवढेच सांगणे की, गुण्या व ओळंबा हाती धरण्यास कोणत्याही लॉजाची दीक्षा लागत नाही. दुकानातील तराजूचा काटा, वहीतील नोंद आणि नोकराशी बोलण्याची रीत ही तिन्ही सरळ असली, म्हणजे अनघड दगडावर टाकी चालू झाली, असे खुशाल समजावे.