बैठकीत कमी-जास्त होईल

‘मुऱ्हा म्हैस विकणे आहे. दुसरं वेत, खाली पारडी, दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर. चारही सड चालू. खात्री करून घ्यावी. गरजूंनीच फोन करावा, बैठकीत कमी-जास्त होईल.’ खाली दहा आकडी नंबर आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. सकाळच्या धारा आटोपल्या की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात असे संदेश फोनवर यायला लागतात. म्हशीच्या मागून रोटाव्हेटर येतो, मग ठिबकच्या जुन्या नळ्या, शेकड्याने कडबा, ट्रॉलीने शेणखत, बेण्याचा ऊस, शिल्लक राहिलेलं कांद्याचं रोप. मध्येच कुणी तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने देणे असल्याचं कळवतो.

खबर पोचवण्याच्या सोयी गावाला नव्या नाहीत. कोतवाल दवंडी द्यायचा, चावडीवर कागद चिकटायचा, आणि बरंचसं काम आठवडी बाजारात एकमेकांच्या कानावर घालून व्हायचं. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती शब्द मोजून पैसे घेत, म्हणून त्यांची भाषा आखूड झाली. २००५ मध्ये ‘अॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेलं दैनिक निघालं, तेव्हा रोपं, अवजारं आणि जनावरांच्या जाहिरातींना हक्काची जागा मिळाली. आता फोनवर शब्दाला पैसे पडत नाहीत, तरी घडण तीच राहिली आहे: ‘मध्यस्थ क्षमस्व’, ‘कागदपत्रे क्लिअर’, ‘टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये’.

बदललं ते वेगळंच. म्हशीची खबर पूर्वी पाच-पंचवीस गावांत फिरायची. आता ती चार जिल्हे ओलांडून जाते. विकणाऱ्याला गिऱ्हाईक जास्त मिळतं, घेणाऱ्याला पसंतीला वाव मिळतो, आणि ज्याच्याकडे बाजारापर्यंत जनावर नेण्याचं भाडं नाही त्याच्या गोठ्यापर्यंत गिऱ्हाईक चालत येतं. अडल्या शेतकऱ्याला भाव मागायची संधी देणारी ही सोय मोलाची आहे. मात्र गावातला व्यवहार ज्या साक्षीवर उभा असतो, ती साक्ष जाहिरातीबरोबर प्रवास करत नाही.

ही साक्ष काय असते, ते जनावरांच्या बाजारात दिसतं. सांगोला, घोडेगाव, लोणी, चाकण, पेठवडगाव या बाजारांना पिढ्यान्‌पिढ्यांचे घेणारे-विकणारे आहेत. बैलाचं तोंड उघडून दात बघायचे आणि वय ठरवायचं: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. त्याला चालवून बघायचा, शेपटीला हात लावून उठवायचा. मग उपरण्याखाली हात जातात आणि बोटांवर भाव ठरतो. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही, पण सौदा झाला हे सगळ्यांना कळतं. मधला हेडी दोन्हीकडून दलाली घेतो, त्याबद्दल शेतकऱ्यांची जुनी आणि रास्त तक्रार आहे. तरीही तो पुढच्या बाजाराला त्याच झाडाखाली भेटणार असतो. जनावर खोडीचं निघालं तर चार माणसं घेऊन त्याला गाठता येतं. बाजार समितीची पावती असते, तिच्यावर दोघांची नावं असतात. हेडीची दलाली ही बऱ्याच अंशी या जबाबदारीची किंमत होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि गोवंशाच्या ने-आणीवर निर्बंध आले. ज्यांना गाय विकल्यावाचून गत्यंतर नव्हतं त्यांच्या हातात फोनच उरला. पुढे बाजार उघडले, तरी ती वाट मोडली नाही.

व्हिडिओत म्हैस देखणीच दिसते. दूध तुंबवून कास फुगवली की चित्रात ती भरदार वाटते, पण एखादा सड बंद आहे की चालू, धार काढताना ती लाथ मारते का, रवंथ नीट करते का, हे पडद्यावर कळत नाही. जाणते शेतकरी म्हणूनच लागोपाठ तीन धारा समोर काढायला लावतात. पहिली धार तुंबवलेल्या दुधाची असू शकते, तिसरी खोटं बोलत नाही. यासाठी विकणाऱ्याच्या गावी एक रात्र मुक्काम पडतो, आणि तो करावाच. कानातला पिवळा बिल्लाही बघायला हवा. त्यावरचा बारा आकडी क्रमांक ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. राज्य सरकारने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. घेतल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ती नोंद आपल्या नावावर करून घेणं ही पाच-दहा मिनिटांची गोष्ट आहे. बहुतेक जण ती करत नाहीत आणि लसीकरणाच्या किंवा नुकसानभरपाईच्या वेळी अडतात.

जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार याहून जोखमीचा. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, टायर ८० टक्के, लोन नाही’ असं असतं. चहा होतो, इंजिनाचा आवाज ऐकला जातो, पैसे मोजले जातात. टीटी फॉर्मवर, म्हणजे आरटीओच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर, सही घेतली जाते. मग ते कागद घरच्या कपाटात पडून राहतात. वर्षभराने ट्रॅक्टर तिसऱ्याला जातो, तेच कागद त्याच्या हातात पडतात. आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचंच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं, की राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं. न कळवल्यास काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालात स्वच्छ सांगितलं आहे. त्या प्रकरणात एक मोटार २००७ मध्ये विकली गेली, पुढे आणखी हात बदलत गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरटीओकडे नाव मूळ मालकाचंच होतं. गाडी विकून आपण कधीच मोकळे झालो, हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. कायद्याच्या नजरेत नोंदीवरचा मालक तोच, म्हणून भरपाईचा भार त्याच्यावर आला. ट्रॅक्टर ऊस भरून रात्रीच्या रस्त्यावर धावतो, त्याच्या मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवाही नसतो. अशा वाहनाच्या आरसीवर आपलं नाव राहू देणं किती महागात पडेल, हे विकणाऱ्याने समजून घ्यावं. घेणाऱ्याने चासी आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून बघावेत, आणि बोजा चढलेला असेल तर वित्त कंपनीचा ना-हरकत दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, हेही सौद्यात विसरलं जातं.

भाड्याच्या व्यवहारांत इतकी गुंतागुंत नाही, आणि गावातला सगळ्यात जिवंत बाजार तोच आहे. नांगरट आणि रोटर एकरी, जेसीबी तासावर, मळणी यंत्र पोत्यामागे. पाऊस लांबला की दर पडतात, वाफसा एकाच दिवशी सगळ्या शिवारात आला की पेरणीयंत्रासाठी रांग लागते. डाळिंबाचे बागायतदार परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. धनगरांच्या मेंढ्या रात्रीपुरत्या शेतात बसवण्याची पद्धत तर फार जुनी. मेंढ्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख मिळते. आता पुढचा मुक्काम कोणाच्या शिवारात हे मेंढपाळही फोनवर ठरवतात. या व्यवहारांत चूक झाली तर नुकसान एका दिवसाचं, फार तर एका हंगामाचं असतं, शिवाय देणारा-घेणारा एकाच शिवारातले असतात. म्हणून तोंडी शब्द इथे अजून पुरतो.

शेतजमीन भाड्याने देण्याची जाहिरात मात्र उघडपणे क्वचितच दिसते. पश्चिम महाराष्ट्रात जमीन खंडाने जाते, मराठवाड्यात बटईने, विदर्भात ठेक्याने किंवा मक्त्याने. पण जवळजवळ सारं तोंडी. याचं मूळ कूळ कायद्यात आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. मराठवाडा आणि विदर्भासाठी वेगळे कायदे होते, दिशा तीच होती. त्या कायद्याने लाखो कसणाऱ्यांना न्याय दिला, हे निर्विवाद. पण ‘लिहून दिलं तर कूळ लागेल’ ही धास्ती मालकांच्या मनात कायमची बसली. नीती आयोगाने २०१६ मध्ये टी. हक समितीने तयार केलेला आदर्श भाडेपट्टा कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात मालकाचा हक्क आणि कसणाऱ्याची सोय दोन्ही सांभाळण्याचा प्रयत्न होता. गावातली भीती त्याने गेली नाही. तिची किंमत कसणारा मोजतो: कागद नाही म्हणून पीककर्ज मिळणं अवघड, विमा अवघड, आणि गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. शहरात राहणाऱ्या मालकांची संख्या वाढत असताना हा तिढा तसाच ठेवणं अन्यायाचं आहे.

जमीन विकण्याच्या जाहिराती मात्र भरपूर. ‘हायवे टच, एक गुंठा, दोन गुंठे, हप्त्याची सोय’ असे फलक तालुक्याच्या प्रत्येक फाट्यावर आहेत. इथे चार गोष्टी ठाऊक हव्यात. शेतकरी नसलेल्याला कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतांश जिल्ह्यांसाठी बागायतीचं किमान क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे ठरलं. अलीकडे काही रहिवासी भागांना सवलत देण्याचे निर्णय झाले, म्हणून आपला गट नेमका कशात बसतो ते ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याला, विचारूनच पुढे जावं. भोगवटादार वर्ग २ आणि आदिवासींच्या जमिनींना वेगळे निर्बंध आहेत. आणि स्टँपपेपरवर नोटरीने केलेलं खरेदीखत मालकी देत नाही, स्टँप शंभराचा असो की ऑक्टोबर २०२४ नंतरचा पाचशेचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तानेच जाते.

जमिनीच्या बाबतीत वर्तमानपत्राची जाहिरात अजून खरं काम करते, ती वकिलाच्या जाहीर नोटिशीच्या रूपात. अमुक गट नंबरची जमीन आमचे अशील घेत आहेत, कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असेल तर इतक्या दिवसांत कळवावे. तालुक्यातली कितीतरी साप्ताहिकं या नोटिशींवर तग धरून आहेत. सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा, परगावच्या चुलत्याचा दावा, जुनं साठेखत हे सगळं त्या चौकोनातून वर येऊ शकतं. अडचण एवढीच, की जिच्यापर्यंत ती पोचायला हवी ती बहीण ते साप्ताहिक वाचत नाही. तीच नोटीस गावाच्या फोनगटावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, तर तिचा हेतू खऱ्या अर्थाने साधेल.

ओळख नसलेल्या जाहिरातीतली फसवणूक आता गावातही पोचली आहे. कोणी लष्करात असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून दुचाकी स्वस्तात देतो. कोणी हरियाणातल्या गोठ्याचा व्हिडिओ दाखवून म्हशीच्या वाहतुकीचे पैसे आधी मागतो. विकणाऱ्यालाही गाठतात: ‘इसार पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे घरातल्या ज्येष्ठांना आणि पोरांना दोघांनाही सांगून ठेवावं. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

बाजार समित्यांनी इथे पुढे यायला हवं. फोनवर ठरलेला जनावराचा किंवा अवजाराचा सौदा पावतीवर उतरवून देणारी एक खिडकी प्रत्येक तालुक्याला असली, तर दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकालाही बाजारातली साक्ष मिळेल. समित्यांकडे जागा आहे, माणसं आहेत, पावती पुस्तकं आहेत. आणि तोवर वाचकांनी एवढं करावं: इसार देताना कोऱ्या कागदावर वस्तूची खूण, बिल्ल्याचा किंवा चासीचा क्रमांक, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम आणि सौदा मोडल्यास इसार कोणाचा, हे लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पैसे त्यानंतरच द्यावेत.