एका नदीच्या काठाने चार देश

पाठीवर एक सॅक, खिशात बेताचे पैसे आणि पहिलाच परदेश. अशा वेळी रत्नागिरीतला कॉलेज संपवलेला मुलगा किंवा मुलगी काय करते? बँकॉक, हनोई, अंकोर अशी नावं वहीत लिहायची आणि ती जोडायला विमानांची तिकिटं शोधत बसायचं. बजेट फाटतं ते इथेच. वही जरा बाजूला ठेवा आणि नकाशात एक निळी रेघ शोधा. तिबेटच्या पठारावर उगम पावून, चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहत, व्हिएतनामच्या दक्षिण टोकाशी समुद्राला मिळणारी मेकाँग. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम: चारही देशांना ती शिवते, आणि तीही एका ओळीत! तुमचा कार्यक्रम तिने केव्हाच आखून ठेवलाय.

पण तिथवर जायचं कसं? मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमार ओलांडून थायलंडच्या मे सोतपर्यंत महामार्गाची आखणी झालेली आहे. मात्र २०२१ च्या लष्करी उठावानंतर पेटलेल्या यादवीमुळे तो रस्ता आज प्रवाशाच्या उपयोगाचा नाही. ज्या देशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये समुद्रमार्गे आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, तो देश आपल्याला विमानानेच ओलांडावा लागतो. म्हणून एवढंच करा: जातानाचं तिकीट मुंबई ते बँकॉक आणि परतीचं हो चि मिन्ह सिटी ते मुंबई. आल्या वाटेने मागे फिरायचं नसलं की कितीतरी भाडं आणि दिवस आपोआप वाचतात.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. आंब्याची काढणी सुरू व्हायच्या आत घरी परत! आपल्याकडे जूनमध्ये थडकणारे नैऋत्य वारेच थायलंड-लाओसवर पाऊस पाडतात, आणि आपल्यासारखाच तिकडेही तो ऑक्टोबरच्या सुमारास ओसरतो. पण मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं ह्युए शहर मात्र नेमकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिंब असतं. असं कसं? तिथे किनाऱ्याला समांतर त्रुओंग सोन नावाची डोंगररांग उभी आहे. आपला सह्याद्री अरबी समुद्रावरून येणारा वारा अडवतो आणि रत्नागिरीला भिजवून माणदेश कोरडा ठेवतो. ही रांग पूर्वेकडून, दक्षिण चीन समुद्रावरून येणारा हिवाळी वारा अडवते. किनारा भिजतो आणि डोंगरापलीकडचा लाओस कोरडा राहतो. तोच डाव, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. आपली वाट डोंगराच्या कोरड्या बाजूने जाते, हे किती बरं!

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चियांग माई. स्लीपरचं तिकीट काढलं की एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचतात, ही काटकसरी प्रवाशाची जुनी युक्ती. गाडीत चढताना खाली रुळांकडे बघा. ते अरुंद वाटतील, कारण दोन रुळांत अंतर आहे फक्त १,००० मिलिमीटर. आपल्या कोकण रेल्वेचं १,६७६. पुढे लाओसमध्ये लुआंग प्राबांगहून राजधानी व्हिएन्तियानला गाडीने याल तेव्हा ते भरेल १,४३५, कारण डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला तो मार्ग चिनी मापाचा आहे. एकाच सहलीत तीन मापं! आणि कोकणातल्या माणसाला त्या गाडीत अगदी घरच्यासारखं वाटेल. ४२२ किलोमीटरच्या त्या मार्गात ७५ बोगदे आहेत. जिथे बस डोंगर चढत-उतरत जवळजवळ अख्खा दिवस घेई, तिथे आता साधारण दोन तास.

पण लाओसमध्ये शिरतानाचा पूल घाईत ओलांडू नका. थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. मग थाई काठावरच्या चियांग खोंगपासून निघालेली बस मेकाँग ओलांडून पलीकडे पोहोचते तेव्हा नेमकं काय होतं? सिग्नलपाशी रस्ते एकमेकांना छेदतात आणि सगळी रहदारी शिस्तीत बाजू बदलते. देश बदलला हे पासपोर्टावरच्या शिक्क्याआधी स्टिअरिंग सांगतं!

पलीकडच्या हुए सायहून लुआंग प्राबांगला लाकडी स्लो बोट निघते. दोन दिवस, मध्ये पाकबेंगला मुक्काम, दुसरं काही नाही. फक्त नदी, डोंगर आणि काठावरची गावं. माझ्या मते या सगळ्या प्रवासात पैशाचं खरं चीज इथेच होतं. पुढे दक्षिणेकडे नदी शेकडो बेटांत पसरते. तिथे खोन धबधबे आहेत. फ्रेंचांना मेकाँगमधून थेट चीनपर्यंत जहाजं न्यायची होती. या धबधब्यांनी त्यांना अडवलं. मग त्यांनी काय करावं? बेटावर रूळ टाकले आणि बोटी रुळांवरून ओढून धबधब्याच्या वर नेल्या! आगगाडीत बसलेली बोट! डॉन डेट आणि डॉन खोन या बेटांना जोडणारा तो रेल्वेपूल अजून उभा आहे. त्यावरून आज माणसं चालतात, सायकली जातात.

आणि आता कंबोडिया, जिथे मला थांबून बोलायलाच हवं. नोम पेन्हजवळ टोनले साप नावाची नदी मेकाँगला मिळते. वर्षातले काही महिने ती टोनले साप याच नावाच्या तलावातून मेकाँगकडे वाहते, आणि पावसाळ्यात चक्क उलटी, मेकाँगकडून तलावाकडे! भाट्याच्या खाडीत भरतीला पाणी आत शिरताना आपण रोज पाहतो. तसंच, पण समुद्र कुठेच नाही आणि भरती वर्षातून एकदाच. जूनमध्ये मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी टोनले सापच्या पाण्याहून उंच होतं, आणि उपनदीला माघार घ्यावी लागते. कोरड्या दिवसांत जेमतेम अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचा तो तलाव मग फुगून कित्येक पट होतो. जंगलं बुडतात, आणि त्यांत मासे वाढतात. नोव्हेंबरच्या आसपास प्रवाह पुन्हा फिरतो, तेव्हा नोम पेन्हला होड्यांच्या शर्यतींचा जलोत्सव भरतो. याच तलावाच्या उत्तरेला अंकोरची देवळं आहेत. एवढा मासा आणि एवढा गाळ दारात नसता, तर तेवढी देवळं बांधणारी माणसं जगली असती कशावर?

तिथे चहावाल्याने सुटे दिले की नोटा नीट बघा. रोजच्या व्यवहारात अमेरिकन डॉलर चालतो, पण डॉलरची नाणी तिथे चालत नाहीत. मग एका डॉलरखालचे सुटे रिएलमध्ये मिळतात, साधारण ४,००० रिएलला एक डॉलर या हिशेबाने. १९७५ मध्ये ख्मेर रूजच्या राजवटीने पैसाच रद्द केला होता; रिएल परत आला तो १९८० मध्ये. फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही, म्हणून मुंबईहूनच कोऱ्या नोटा न्या.

नोम पेन्हहून बोटीने खाली व्हिएतनामच्या चाउ डॉकला जाता येतं, आणि नदी तिथून पुढे अनेक तोंडांनी समुद्राला मिळते. २०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लढाई पेटली आणि तिथली वाट बंद झाली. पण आपली नदीची वाट त्या सीमेला लागतच नाही.

कागदांचं मात्र आधी उरका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल आगमन-पत्रक भरावं लागतं, ते फुकट आहे, त्यामुळे पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. व्हिएतनामचा एकदाच प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. पण त्याच्या अर्जात कोणत्या ठाण्यातून शिरणार ते निवडावं लागतं. नदीने येणाऱ्याने घाईत विमानतळ निवडला, तर चाउ डॉकच्या बोटीतून उतरून हुज्जत घालावी लागेल. तेव्हा बोट आधी ठरवा, अर्ज नंतर.