भांग, गांजा, चरस : एका वनस्पतीची नावे आणि त्यांचा अर्थविचार

एका वस्तूस अनेक नावे असणे आणि एका नावाने अनेक वस्तू ओळखल्या जाणे या दोन्ही गोष्टी भाषेत नित्याच्या आहेत. व्यवहारात त्यांमुळे फारसे अडत नाही. परंतु ज्या वस्तूविषयी विधिनियम झालेले असतात, तिच्याबाबतीत नावाची व्याप्ती किती हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. त्यावर माणसाचे स्वातंत्र्यही अवलंबून राहू शकते. भांग, गांजा आणि चरस ही नावे अशा प्रकारची आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या तिन्हींचे मूळ एकच झाड होय. लिनियसने १७५३ मध्ये त्यास 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले आणि लामार्कने १७८५ मध्ये हिंदुस्थानातील झाडे निराळी मानून 'कॅनाबिस इंडिका' ही जाती कल्पिली.

अलीकडे काही देशांनी हे झाड घरी लावण्यास मर्यादित मुभा दिली आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये व कॅनडाने २०१८ मध्ये असे विधिनियम केले. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस आपल्या निवासस्थानी एका वेळी तीन झाडे वाढविता येतात. तेथील वृत्ते वाचून आपल्याकडेही असा युक्तिवाद कानी पडतो की, भांग कायद्याने मोकळी आहे, तेव्हा कुंडीत एखादे रोप लावण्यास हरकत कसली? या युक्तिवादातील दोष मुख्यतः शब्दार्थाचा आहे. तो कोठे आहे हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. 'भङ्गा' : पिकाचे नाव

'भङ्ग' हा शब्द अथर्ववेदात आढळतो. अकराव्या कांडातील एका सूक्तात सोम ज्यांत श्रेष्ठ अशा वनस्पतींच्या मालिकेत दर्भ आणि यव यांच्यासमवेत त्याचा उल्लेख आहे. मात्र तेथे मादकतेचा निर्देश नाही. संकटातून सोडविण्याची प्रार्थना आहे. पाणिनीची साक्ष अधिक बोलकी आहे. ज्या शेतात एखादे पीक होते त्या शेताची नावे साधताना त्याने तीळ, उडीद, जवस आणि अणु नावाचे धान्य यांच्या पंक्तीत भङ्गेस बसविले आहे; भङ्गेचे शेत ते 'भङ्ग्य' किंवा 'भाङ्गीन'. याचा अर्थ असा की, पाणिनीच्या काळी भङ्गा ही लागवडीखालील वनस्पती होती आणि तीळ-जवसाप्रमाणे तिचे शेत असे. असे पीक बियांसाठी किंवा वाखासाठी घेतले जात असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. हिमालयाच्या उतारावरील कुमाऊं-गढवालात आजही भांगेच्या बियांची चटणी होते आणि तिच्या वाखाच्या जाड वस्त्रास 'भंगेला' म्हणतात. तेथे 'भांग' म्हणताच पेय आठवत नाही, पीक आठवते.

मादक द्रव्य या अर्थाने शब्दाचा ठसठशीत उपयोग पुढे वैद्यकग्रंथांत दिसतो. शार्ङ्गधरसंहितेत प्रथम सर्व शरीर व्यापून मग पचणाऱ्या, म्हणजे 'व्यवायी', द्रव्यांचे उदाहरण म्हणून भङ्गा आणि अहिफेन यांची नावे एकत्र येतात. भावप्रकाशात भङ्गा, गञ्जा, विजया, जया ही एकमेकांची पर्यायनामे म्हणून दिलेली आहेत. तेव्हा संस्कृत निघंटुकारांच्या दृष्टीने भांग आणि गांजा यांत आज मानला जातो तसा भेद नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अवेस्तेतील 'बङ्ह' आणि फारसीतील 'बंग' हे शब्द 'भङ्गा' शब्दाचे सहोदर म्हणून पुष्कळदा दाखविले जातात. संस्कृत 'भ' आणि इराणी 'ब' यांचा मेळ नियमित आहे, हे खरे. परंतु अवेस्तेतील 'ङ्ह' हा सामान्यतः प्राचीन 'स'पासून येतो. संस्कृत 'वसु' आणि अवेस्तेतील 'वङ्हु' ही जोडी प्रसिद्ध आहे. त्या नियमाने 'बङ्ह' शब्दाचा संस्कृत प्रतिनिधी 'भस' असा व्हावयास हवा, 'भङ्ग' असा नव्हे. म्हणून केवळ ध्वनिसाम्यावरून दोन्ही शब्द एका मुळाचे ठरविणे धाडसाचे होय. शिवाय फारसी 'बंग' आणि त्यावरून आलेला अरबी 'बंज' हे शब्द खुरासानी ओव्यासही लावले जातात. नाव एका वनस्पतीवरून दुसरीवर सरकते, ते बहुधा परिणामाच्या साम्यामुळे. रूपाच्या साम्यामुळे नव्हे.

२. युरोपातील नावे

युरोपीय नावांचा इतिहास निराळा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने शक लोकांच्या वर्णनात 'कान्नाबिस' हा शब्द वापरला आहे. हाच शब्द जर्मानिक भाषांत फार पूर्वी शिरला. इतक्या पूर्वी की, ग्रिमच्या नियमातील वर्णपरिवर्तन त्यास लागू पडले. 'क'चा 'ह' झाला, 'ब'चा 'प' झाला आणि त्यातून इंग्रजी 'हेम्प' सिद्ध झाला. उच्च जर्मनमध्ये पुढे 'प'चा 'फ' होऊन 'हान्फ' असे रूप आले. लॅटिन रूपावरून फ्रेंचमार्गे निघालेला 'कॅनव्हास' हा शब्द मराठीतही रुळला आहे. परंतु चित्रकाराच्या त्या फलकाचा गांजाशी नामसंबंध आहे, याची जाणीव कोणास नसते.

आजच्या जर्मनमध्ये 'हान्फ' आणि 'कॅनाबिस' ही दोन्ही नावे नांदतात. वस्तुतः दोन्ही एकाच शब्दाची रूपे. एक वारशाने व वर्णपरिवर्तनाने आलेले, दुसरे विद्वानांनी लॅटिनमधून उचललेले. व्यवहाराने त्यांची वाटणी केली : वाखाच्या व बियांच्या पिकास पहिले, मादक वापराच्या झाडास दुसरे. मराठीत 'गर्भिणी' आणि 'गाभण' या तत्सम-तद्भव जोडीची जशी माणूस आणि जनावर अशी विभागणी झाली, तसाच हा प्रकार होय. मराठीत मात्र वाखाच्या पिकांसाठी ताग आणि अंबाडी हे सर्वस्वी निराळ्या वनस्पतींचे शब्द आहेत. इंग्रजीत ताग व अंबाडी यांनाही 'हेम्प' जोडून नावे दिल्यामुळे भाषांतरकारांचा घोटाळा होतो. अंबाडीस 'डेक्कन हेम्प' म्हटले म्हणून ती गांजाच्या कुळातील ठरत नाही.

गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 'बांगे'वर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. युरोपातील वाखाचे झाड आणि ही भांग एकच नव्हे, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे लामार्कने जो भेद शास्त्रीय नावात घातला, त्याची चाहूल येथे लागते.

३. मराठीतील विभागणी

मराठीत तिन्ही नावांची क्षेत्रे क्रियापदांवरून स्पष्ट होतात. भांग घोटतात, पितात आणि ती चढते, गांजा मळतात आणि ओढतात, चरसही ओढतात. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे त्यांवरील राळ. व्यसनी माणसाची नावेही त्यानुसार निराळी आहेत : 'भंगड' हा देशी प्रत्ययाने सिद्ध झालेला शब्द, तर 'गांजेकस' हा फारसी 'कश', म्हणजे ओढणारा, या उत्तरपदाने बनलेला. पिणे आणि ओढणे हा भेद शब्दाच्या घडणीतच उतरला आहे.

लिंगभेदही येथे अर्थभेदक आहे. वनस्पतीवाचक 'भांग' स्त्रीलिंगी. केसांतील 'भांग' पुल्लिंगी. म्हणून 'भांगेत' आणि 'भांगात' या सामान्यरूपांत गल्लत होत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीसही भांग म्हणतात. ती 'भांगाची भरती', भांगेची नव्हे. 'भांगेत तुळस' आणि 'तुळशीत भांग' या वाक्प्रचारांत तर ही वनस्पती कुलहीनतेची खूण झाली आहे. हे दोन्ही प्रयोग झाडाविषयी आहेत, पेयाविषयी नाहीत, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

'गांजा' शब्दाचा इतिहास तितका सरळ नाही. अमरकोशात 'गञ्जा' म्हणजे मद्यगृह. वनस्पतीचे नाव म्हणून तेथे 'भङ्गा' व 'मातुलानी' आहेत. वनस्पतीच्या अर्थाने 'गञ्जा' नंतरच्या निघंटूंत स्थिरावला. 'चरस' शब्दाचा संबंध काही कोशकार पाणी काढण्याच्या चामडी मोटेशी जोडतात. एकोणिसाव्या शतकात यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात येणारा माल कातडी पिशव्यांत भरून येत असे, हे पाहता ही उपपत्ती असंभाव्य वाटत नाही; तथापि ती सिद्धही म्हणता येत नाही.

४. नर, मादी आणि नावांची उलटापालट

पपईप्रमाणे या झाडातही नर आणि मादी वेगळी असतात. बीपासून उगवलेल्या रोपांत साधारणतः निम्मे नर निघतात, आणि फुलोऱ्याची चिन्हे दिसेपर्यंत बाहेरून भेद कळत नाही. मग फांदीच्या बगलेत नरास गोल कळ्यांचे घोस येतात. मादीच्या कळीतून केसासारखे पांढरे दोन तंतू डोकावतात. परागण न झालेल्या मादीत बी धरत नाही आणि राळेच्या ग्रंथी भरपूर वाढतात. जर्मनीसारख्या देशात पहिलेच झाड लावणाऱ्यास हा भेद प्रथम शिकावा लागतो, कारण तीन झाडांच्या मर्यादेत एक नर निघाल्यास उरलेल्यांचे फुलोरे बियांनी भरतात. स्पॅनिशमधून आलेला 'सिनसेमिला' हा शब्द म्हणजे निव्वळ 'बीविरहित'.

गंमत अशी की, युरोपातील शेतकऱ्यांनी शतकानुशतके ही नावे उलट वापरली. उंच, दणकट, उशिरा कापणीस येणारे बीधारी झाड त्यांना पुरुष वाटले. सडपातळ आणि लवकर वाळणारे झाड स्त्री वाटले. त्यामुळे लॅटिन 'फेमेला', म्हणजे स्त्री, यापासून निघालेले जर्मन 'फिमेल' आणि इंग्रजी 'फिम्बल' हे शब्द नर झाडाची नावे झाली. उलट 'कार्ल', म्हणजे पुरुष, हा इंग्रजी शब्द मादी झाडास चिकटला. १६९४ मध्ये कामेरारियसने वनस्पतींतील लिंगभेद प्रयोगाने दाखविला, तरी शेतकऱ्यांची भाषा बदलली नाही. येथे व्याकरणाचे किंवा जीवशास्त्राचे लिंग नसून शरीरयष्टीवरून कल्पिलेले सामाजिक लिंग आहे.

बंगालात, आज बांगलादेशात असलेल्या नौगावच्या गांजाक्षेत्रात, नर झाडे ओळखून उपटणारा एक स्वतंत्र तज्ज्ञ असे. डेव्हिड प्रेनच्या १८९३ मधील अहवालात आणि १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'पोद्दार' असा येतो. मराठी वाचकास हा शब्द परका नाही. तो आपला 'पोतदार' होय. खजिन्यात आलेले खरेखोटे नाणे पारखणारा तो पोतदार, आणि शेतातील नर-मादी पारखणारा तो पोद्दार. पारख हा समान धर्म धरून शब्दाने व्यवसाय ओलांडला.

५. विधिनियमाची परिभाषा

याच आयोगापुढे ११९३ साक्षी झाल्या. आयोगाने भांग, गांजा व चरस यांचा निरनिराळा विचार केला आणि लोकभाषेतील हे तीन शब्द प्रशासनाच्या परिभाषेत पक्के झाले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात फुलोरे व राळ यांवर बंधन घातले गेले. फुलोऱ्यांपासून वेगळी असलेली पाने व बिया व्याख्येबाहेर राहिल्या. आपल्या १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या अधिनियमाने तीच वाट धरली. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलणारे किंवा फळणारे शेंडे. पाने आणि बिया शेंड्यांसह नसतील तर त्यांत मोडत नाहीत. चरस म्हणजे वेगळी केलेली राळ. 'भांग' हा शब्द या व्याख्यांत नाहीच.

म्हणून जप्त मालाचे वजन करताना शेंडे कोणते आणि पाने कोणती हा वाद उपस्थित होतो. गांजाचे एक किलो हे अल्प प्रमाण आणि वीस किलो हे व्यापारी प्रमाण ठरलेले असल्यामुळे एका शब्दाच्या व्याप्तीवरून शिक्षेची पायरी बदलू शकते.

परंतु याच अधिनियमात 'कॅनाबिसचे झाड' अशी आणखी एक संज्ञा आहे. तिची व्याख्या त्या वंशातील कोणतेही झाड, इतकी व्यापक आहे. ती नर-मादी, फुललेले-न फुललेले असा भेद करीत नाही. परवान्यावाचून अशा झाडाची लागवड करणे हा अपराध असून त्यास दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीच्या अपराधात अल्प आणि व्यापारी प्रमाणाची पायरी नाही. एक कुंडीही त्यात येते. बी व वाख यांसाठी शासनाच्या अनुज्ञेने लागवड करता येते, तो मार्ग वेगळा. महाराष्ट्रात तर भांग १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत येते, तेव्हा ती सर्वस्वी मोकळी आहे हे पूर्वपदही टिकत नाही.

आता प्रारंभीच्या युक्तिवादातील दोष उघड होतो. 'भांग वगळली आहे' या वाक्यात भांग म्हणजे पाने, एक द्रव्य. 'भांग लावली' या वाक्यात भांग म्हणजे झाड. 'भांगेत तुळस' म्हणणाऱ्या भाषेत हे दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने राहतात; विधिनियमात ते दोन स्वतंत्र संज्ञांखाली येतात. पहिल्या अर्थाने मिळालेली सूट दुसऱ्या अर्थास लावणे म्हणजे न्यायशास्त्रात ज्यास वाक्छल म्हणतात तोच प्रकार होय. फरक इतकाच की, येथे फसविणारा आणि फसणारा बहुधा एकच असतो.

पाणिनीच्या काळी शेताचे नाव झालेला शब्द निघंटूंत औषध झाला, लोकव्यवहारात पेय झाला आणि आधुनिक विधिनियमात आपल्या अनुपस्थितीमुळे महत्त्वाचा ठरला. कोशात 'भांग' या नोंदीखाली 'एक मादक वनस्पती' एवढेच लिहून भागणार नाही. वनस्पती, पाने आणि पेय हे तीन अर्थ पृथक् क्रमांकांनी द्यावयास हवेत. शब्दार्थाचा विचार करणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे हे काम नेमकेपणाने केले, तर पुष्कळ गैरसमज न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्यापूर्वीच दूर होतील.