जुन्या मोबाईलची बॅटरी बदलतांना

शेतांत उभे राहून ई-पीक पाहणीचें छायाचित्र घ्यावें आणि नेमका त्याच वेळीं फोन बंद पडावा, हा अनुभव गेल्या हंगामांत आम्हांस आला. पडद्यावर तर शेंकडा २८ सांठा दिसत होता. घरीं जाऊन फोन भरून पुन्हां बांधावर येईपर्यंत दिवस मावळला. अशा वेळीं नवा फोन घेण्याकडे घरांतील तरुणांचा कल असतो. परंतु पुष्कळदां दोष फोनचा नसून केवळ बॅटरीचा असतो, व तो थोडक्या खर्चांत दूर होतो.

लिथियम-आयन बॅटरी मोटेच्या कातड्याप्रमाणें वापरानें झिजते. सुमारें ५०० वेळां भरून रिती झाली म्हणजे तिची धारणशक्ति मूळच्या शेंकडा ८० च्या आसपास येते. उन्हांत तापणाऱ्या फोनांत ती याहूनही लवकर घटते. शिवाय तिचा अंतर्गत विरोध वाढतो. त्यामुळें सांठा शिल्लक असतांही छायाचित्रासारखें जड काम पडतांच विजेचा दाब एकदम उतरतो व फोन मिटतो. टाकींत पाणी आहे पण तोटी चोंदली आहे, अशांतला हा प्रकार होय.

तथापि प्रथम खात्री करावी. भरण्याच्या छिद्रांत शेतांतील धूळ बसली असल्यास फोन नीट भरत नाहीं. तो बंद करून कोरड्या लांकडी काडीनें हलक्या हातानें ती काढावी. ज्या शिवारांत मनोऱ्याचा संदेश क्षीण पोंचतो, तेथें फोन सारखा शोध घेत राहून सांठा खातो. एक रात्र तो विमान-अवस्थेंत ठेवून पहावा. सकाळीं दोन-तीन टक्केच कमी झाले, तर रेंजकडे संशय धरावा. एरवीं बॅटरीच दोषी समजावी.

खरेदी करतांना फोनच्या नांवावर विसंबूं नये. रेडमी नोट ४ या एकाच नांवाच्या फोनांत प्रकारपरत्वें बीएन४१ व बीएन४३ अशा दोन निरनिराळ्या बॅटऱ्या येतात. म्हणून जुन्या बॅटरीवरील क्रमांक पाहूनच मागणी करावी. भरतीचा कमाल दाबही जुळला पाहिजे. फोन ४.४ व्होल्टपर्यंत भरणारा असून बॅटरी ४.२ व्होल्टची असेल, तर ती प्रमाणाबाहेर भरली जाऊन फुगते. तिला रोखणारी संरक्षक पट्टी हलक्या मालांत बहुधा धड नसते.

धारणशक्तीच्या आंकड्यास भुलूं नये. मूळ बॅटरी ४१०० मिलिअँपिअर-तासांची असतां तेवढ्याच आकाराची ६००० ची म्हणून कोणी देऊं लागला, तर तो आंकडा कागदावरचा समजावा. त्याच जागेंत दीडपट सांठा मावत नाहीं. आम्ही स्वतः असल्याच मोहानें एक स्वस्त बॅटरी घेतली. तिसऱ्या महिन्यांत फोनची पाठ उचलली गेली, आणि पैसे दोनदां गेले.

बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व ‘आर’ अक्षरानें आरंभ होणारा नोंदणी-क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपवर ताडून पहातां येतो. चिन्ह छापणें सोपें आहे, म्हणून हें ताडणें चुकवूं नये. उत्पादनाची तारीखही पहावी. न वापरतांही बॅटरी म्हातारी होते, व तीन-चार वर्षें दुकानांत पडलेली ‘अस्सल’ बॅटरी आमच्या मतें घेण्याजोगी नव्हे.

प्रथम कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती-केंद्राचा भाव विचारावा. तेथें माल मिळत नसेल तर ओळखीच्या कारागिराकडे जावें, मात्र पावती व निदान सहा महिन्यांची हमी लेखी घ्यावी. बॅटरी व मजुरी मिळून खर्च तशाच जुन्या फोनच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जात असल्यास, किंवा फोनला सुरक्षेचीं अद्ययावतें मिळणें थांबलें असल्यास, आम्ही तो पैसा त्यांत घालणार नाहीं.

डिंकानें चिकटविलेली बॅटरी घरीं सुरीनें उचकटूं नये; भोंक पडल्यास ती पेट घेते. पाण्यापासून रक्षण करणारा फोन एकदां उघडला कीं पूर्वीची खात्री रहात नाहीं, हें पाणी भरतांना ध्यानांत असावें. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये, उकिरड्यावर वा चुलींत टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर देईपर्यंत ती गोठ्यापासून व कडब्याच्या गंजीपासून दूर, कोरड्या वाळूच्या डब्यांत ठेवावी.