व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला रोहित्र

जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओची पाठ उघडलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? आत काचेच्या नळ्यांखेरीज, पुष्कळदा स्पीकरच्या सांगाड्यावरच बसविलेला, लोखंडी पट्ट्यांचा एक छोटा रोहित्र असतो. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक विवर्धकांत तो नसतो. मग व्हॉल्व्हलाच तो का लागावा?

१९३० च्या दशकात निघालेला ६व्ही६ हा व्हॉल्व्ह घ्या. २५० व्होल्ट दाबावर तो सुमारे ४.५ वॉट शक्ती देतो. मात्र त्याच्यापुढे ५,००० ओहमचा भार हवा. स्पीकरचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, असतो अवघा ८ ओहम. व्हॉल्व्हमधून मिळणारा प्रत्यावर्ती प्रवाह सुमारे ०.०३ अँपिअर. तो थेट स्पीकरमधून नेला तर शक्ती किती मिळेल? प्रवाहाचा वर्ग गुणिले संरोध, म्हणजे ०.०३ × ०.०३ × ८ = ०.००७२ वॉट. ही तर नुसती कुजबुज झाली! आता ८ च्या जागी ५,००० घालून पाहा. उत्तर बरोबर ४.५ येते.

रोहित्राचे काम पहारीसारखे आहे. पहारीचे लांब टोक हलक्या हाताने पुष्कळ खाली दाबले, की दुसऱ्या टोकाला जड धोंडा थोडासाच उचलला जातो. रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्यात द्वितीयकाच्या २५ पट वेढे असले, तर १५० व्होल्टचे ६ व्होल्ट होतात आणि ०.०३ अँपिअरचे ०.७५ अँपिअर. दोन्हीकडे गुणाकार ४.५ वॉटच. (थोडी शक्ती उष्णतेत जाते, ती येथे सोडून देऊ.) दाब २५ पट कमी, प्रवाह २५ पट जास्त, म्हणून संरोधात फरक पडतो २५ × २५, म्हणजे ६२५ पट. ८ गुणिले ६२५ बरोबर ५,०००!

त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला २,५०० ओहमच दिसतील. आवाज बंद पडणार नाही, पण शक्ती घटेल आणि मोठ्या आवाजात तो फाटेल. खरा धोका आहे तो स्पीकर मुळीच न जोडता विवर्धक चालविण्यात. शक्तीला वाट नसल्यामुळे प्राथमिक वेटोळ्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो, तारांवरचे आवरण फुटते आणि रोहित्र निकामी होतो. ट्रान्झिस्टरच्या विवर्धकाचे उलट असते: स्पीकर काढला तर सहसा बिघडत नाही, पण स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर तो जळू शकतो.

मल्टिमीटरने ८ ओहमचा स्पीकर मोजाल तर काटा ६ च्या आसपास थांबेल. स्पीकर खराब नाही. मीटर एकदिश प्रवाहाने मोजतो. संरोध कंपनसंख्येप्रमाणे बदलतो, आणि ८ हा केवळ त्याचा नाममात्र आकडा. मोजणी मात्र सुट्या स्पीकरवरच करा. व्हॉल्व्ह-विवर्धकाची पेटी एकट्याने उघडू नका. बटण बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्टचा भार राहू शकतो.