डोळ्यांविना वाट शोधणारा जंत

पावसाळ्यात लातूर-नांदेडकडच्या उस्मानाबादी शेळ्या मलूल दिसू लागल्या, की खालची पापणी ओढून बघावी. ती पांढरीफटक असेल, तर जठरात रक्त शोषणारा हिमोंकस जंत असण्याची शक्यता मोठी.

दोन-तीन सेंटीमीटरच्या या जंताला डोळे नाहीत, कान नाहीत. तरीही त्याला परिसर कळतो. सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खाच दिसते. ती ॲम्फिड. तिच्यात चेतापेशींची केसासारखी टोकं असतात. भोवतालची रसायनं आणि तापमान ती टिपतात. मानेवर काट्यासारखे दोन उंचवटे असतात, ते स्पर्शासाठी. शेपटीजवळ फॅस्मिड नावाची आणखी एक जोडी असते.

आयव्हरमेक्टिन या औषधाला दाद न देणाऱ्या हिमोंकसच्या काही वाणांत ॲम्फिडमधली हीच टोकं आखूड झालेली आढळली आहेत. मात्रा कमी पडली, की औषधाला न जुमानणारे असे जंत वाचतात आणि वाढतात. म्हणून शेळीपालकांनो, जंतनाशक अंदाजाने पाजू नका. वजन करा, पशुवैद्यकाला विचारून मात्रा ठरवा. दवाने ओल्या गवताच्या शेंड्यांवर जंताच्या अळ्या चढलेल्या असतात. ऊन पडल्यावरच शेळ्या चरायला सोडा.